पाहुण्यांची खोली, दुसऱ्यांदा

आमच्या घरातली पाहुण्यांची खोली आम्ही दोनदा केली. पहिल्यांदा १ लाख १२ हजार रुपये घालून आणि दुसऱ्यांदा ती चूक निस्तरायला आणखी ६८ हजार. कुणी अशी खोली करायला काढली असेल तर त्याचा निदान दुसरा खर्च वाचावा, म्हणून हे लिहितो आहे.

आमचा फ्लॅट पुण्यात सिंहगड रोडला, दोन बेडरूमचा. मुलगा २०१९ मध्ये नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याची दहा बाय दहाची खोली बघता बघता अडगळीची झाली. इस्त्रीचे कपडे, व्यायामाची सायकल, रद्दी, गणपतीचं मखर, सगळं तिथेच. पाहुणे आले की हॉलमध्ये गाद्या पडायच्या. मी बँकेतून निवृत्त झालो, हाताशी वेळ आला. २०२२ च्या दिवाळीआधी आम्ही दोघांनी मनावर घेतलं.

शोरूममध्ये गेलो. सहा बाय साडेसहा फुटांचा बॉक्स बेड घेतला, ३८ हजारांना. सेल्समनने एका हाताने फळी वर उचलून आतली जागा दाखवली. आम्हाला तेवढंच दिसलं. बेड बुटका होता, हल्ली तशीच पद्धत आहे म्हणाला. त्यावर गुबगुबीत मेमरी फोमची गादी. डोक्यामागच्या भिंतीला गडद निळा रंग, छताला पीओपी आणि त्यात सहा पांढरेशुभ्र एलईडी. खिडकीला जाळीदार पडदे. भिंतीवर तीन फ्रेमा. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. खूप अंगठे आले, बदाम आले. मी दिवसभर फोन बघत होतो, हे कबूल करतो.

जानेवारी २०२३ मध्ये माझी मोठी बहीण आली. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती वाईला असते, वय ७४. तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात ठरलं होतं. खोलीची पहिली पाहुणी तीच. खोली बघून म्हणाली, “अरे, हे तर हॉटेलच झालं की.” मी खूश.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री दोनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठलो. हॉलमध्ये चटईवर कुणीतरी झोपलेलं. बघतो तर अक्का. उशाला हाताची घडी, अंगावर स्वतःची शाल.

“अगं, इथे काय? खोलीत काय झालं?”

“काही नाही रे. मला खालीच बरं वाटतं. सवय आहे.”

सकाळी बायकोने विचारलं, “वन्सं, झोप लागली का नीट?” अक्का म्हणाली, “छान लागली. काही कमी नाही तुमच्याकडे.” तीन रात्री राहिली, तिन्ही सकाळी हेच उत्तर. चौथ्या दिवशी डोळ्याला काळा चष्मा लावून भाच्याबरोबर वाईला गेली.

खरं काय ते आमच्या कामाच्या मावशींकडून कळलं. त्या आणि अक्का ओट्याशी बोलायच्या. मावशी म्हणाल्या, “आजी म्हणत होत्या, पलंगावरून उठता येत नाही. गादी आत ओढते. रात्री दिवा सापडत नाही, म्हणून बाथरूमला जायची भीती वाटते. त्या दुपारपासून पाणीच कमी पीत होत्या.”

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. ऑपरेशनला आलेलं माणूस आपल्या घरात पाणी मोजून पीत होतं आणि मी ग्रुपवरचे बदाम मोजत होतो.

त्याच शनिवारी बायको म्हणाली, “आज आपण त्या खोलीत झोपू. पाहुण्यासारखं. आपल्या खोलीतलं काही आणायचं नाही.” एक छोटी बॅग भरून आम्ही आमच्याच घरात पाहुणे झालो.

पहिली अडचण, बॅग ठेवायची कुठे? कपाट आमच्याच लोकरीच्या कपड्यांनी आणि जुन्या फायलींनी भरलेलं. बॅग जमिनीवर ठेवली, तिलाच अडखळलो. दिवा मालवायचं बटण दाराशी. मालवून अंधारात चाचपडत पलंग गाठायचा. पलंगाची एक बाजू भिंतीला चिकटवलेली, त्यामुळे आतल्या माणसाला बाहेरच्याच्या अंगावरून यावं लागतं. फोन लावायचा प्लग कपाटामागे. चष्मा ठेवायला जागा नाही, म्हणून मी तो जमिनीवर ठेवला आणि सकाळी जेमतेम पाय पडता पडता वाचला. गादीत अंग रुतलं की कूस बदलायला जोर लागतो, आणि पाठ गरम होते. जानेवारीत गरम होते, मग मे महिन्यात काय होईल? खिडकी पूर्वेची. सकाळी जाळीच्या पडद्यातून ऊन थेट तोंडावर. आंघोळ केल्यावर ओला टॉवेल घेऊन मी खोलीत उभा राहिलो. वाळत कुठे घालायचा हे पाहुण्याला कोण सांगणार?

एका रात्रीत अकरा गोष्टींची यादी झाली. ती यादी फ्रिजवर लावली आणि पुढचे सहा महिने तशीच राहिली. इतके पैसे घालून वर्षही झालं नव्हतं. मोडायचं मन होत नव्हतं.

जुलैत भिंतीनेच निर्णय घेतला. निळ्या रंगाला फुगे आले, मग पापुद्रे सुटले. बेड पुढे ओढला तर मागच्या भागावर बुरशी. खोलीत कोंदट वास. रंगारी बोलावला. तो म्हणाला, “खरवडतो, लांबी भरतो, वॉटरप्रूफ रंग मारतो. दोन दिवसांचं काम.” मी हो म्हणणार होतो. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “आधी ओल कुठून येते ते बघा. नाहीतर दरवर्षी हेच कराल.”

त्यांनी एक साधी गोष्ट करायला सांगितली. हातभर प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा आणि खरवडलेल्या भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा. दोन दिवसांनी बघायचं. थेंब प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा. भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येते आहे. आमचे थेंब भिंतीकडे होते. भिंतीपलीकडे बाथरूम आहे. तिथल्या नहाणी ट्रॅपभोवतीचं सिमेंट सुटलं होतं आणि रोजच्या आंघोळीचं पाणी हळूहळू भिंतीत मुरत होतं.

सप्टेंबरमध्ये बाथरूमच्या चार फरश्या काढून तेवढं काम केलं, अकरा हजारांत. मग भिंत नुसती उघडी ठेवली, खिडकी उघडी, पंखा चालू. नोव्हेंबरअखेर पुन्हा प्लॅस्टिक लावलं, तेव्हा ते कोरडं निघालं. डिसेंबरमध्ये रंग दिला, यावेळी फिकट बदामी, चारही भिंतींना एकच. या सगळ्यात सर्वात जड गेलं ते थांबणं. रंगारी दर आठवड्याला फोन करून विचारायचा.

मग बेड. शोरूमचा बेड विकायला काढला. बुरशी पुसून स्वच्छ केला तरी नऊ हजारच आले. मोठा बेड पुन्हा घ्यायचा नाही हे ठरलं होतं. आमच्याकडे कोण येतं, ते आम्ही कागदावर लिहून काढलं. अक्का एकटी. बायकोची मावशी आणि तिची सून. मुलाचे मित्र. नवरा-बायको म्हणून वर्षातून फार तर दोन जोडपी. मावशी आणि सुनेला एका गादीवर झोपवायचं, हे आम्हाला आधी का सुचलं नाही, कुणास ठाऊक. तीन-तीन फुटांचे दोन पलंग करायचे ठरवले. हवे तेव्हा जोडायचे, नको तेव्हा मध्ये दोन फूट वाट.

यावेळी खरेदीआधी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. दोन पलंगांच्या मापाचे दोन आयत चिकटपट्टीने लावले आणि दोन दिवस त्यांच्या कडेकडेने फिरलो. कपाटाचं दार उघडलं की एका कागदावर येत होतं. पलंग सहा इंच सरकवायचे, हे तिथेच कळलं. हा उपाय फुकटचा आहे आणि सगळ्यात उपयोगी पडला.

उंचीसाठी अक्काला फोन केला. विचारलं, “तू घरी कुठल्या खुर्चीतून सहज उठतेस? तिची बैठक जमिनीपासून मोजून सांग.” तिने नातवाकडून मोजून घेतली. साडेअठरा इंच. मिस्त्रींना तोच आकडा दिला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून माल आणला. पाय सागवानी, वरची फळी १९ मिलिमीटरची. ओलीची धास्ती घेतलेली, म्हणून प्लायवर ७१० चा शिक्का बघूनच घेतलं. तो पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा मानक क्रमांक आहे, ३०३ चं साधं प्लाय वेगळं. खरं तर पलंगाला ३०३ चालून गेलं असतं. पण एकदा पोळलो होतो.

आणि तरी चूक झालीच. मिस्त्रींनी साडेअठरा इंच लाकडापर्यंत धरले. वर पाच इंचांची गादी. पलंग आले, गादी घातली, बायको बसली तर तिचे पाय लोंबकळले. चूक माझीच, मी “गादीसकट” हा शब्द बोललोच नव्हतो. मिस्त्रींनी हसत आठही पाय पाच-पाच इंच कापले. त्यामुळे खाली बॅग सरकवायची जागा गेली. झाडू जातो, चपला जातात, बॅग जात नाही.

गादी काथ्याची घेतली, वर कापसाचा पातळ थर. बसून, आडवं होऊन, कूस बदलून मगच घेतली. दुकानदार दोनदा म्हणाला, “काका, हीच गादी आहे, वेगळी नाही देणार.” उशा दोन प्रकारच्या ठेवल्या, एक सावरीच्या कापसाची मऊ, एक जरा कडक. चादरी सुती. पांघरायला सोलापुरी चादर आणि आईच्या साड्यांची एक गोधडी. जाड रजई आता कपाटात, मागेल त्यालाच.

विजेचं काम स्वस्तातलं आणि फार मोलाचं ठरलं. जिन्यात असतो तसा टू-वे स्विच लावला, एक बटण दाराशी, एक उशाशी. आता पलंगावर पडून दिवा बंद करता येतो आणि तिथूनच लावताही येतो. दोन्ही पलंगांपाशी एकेक प्लग. पांढरे दिवे काढून ३००० केल्विनचे पिवळसर लावले. खोक्यावर आकडा असतो, ६५०० म्हणजे ऑफिससारखा पांढरा उजेड. बाथरूमच्या वाटेवर अर्ध्या वॉटचा रात्रीचा दिवा. बाथरूममध्ये कमोडशेजारी पकडायला स्टीलचा दांडा. या सगळ्याला मजुरीसकट साडेसात हजार लागले. पहिल्या वेळी नुसत्या पीओपीला याच्या तिप्पट गेले होते.

पडद्यांना जाड अस्तर शिवून घेतलं. खिडकी चार फुटांची, कापड आठ फुटांचं घेतलं. पहिल्या वेळी चारच घेतलं होतं, ताणून लावलं की मध्ये फट राहायची. कपाटातले दोन कप्पे रिकामे केले, सहा हँगर टांगले. माझ्या फायली गेल्या रद्दीत, त्या पाच वर्षांत उघडल्याच नव्हत्या. बॅगेसाठी एक बुटका बाक. दारामागे चार हुक. बाल्कनीत टॉवेलसाठी वेगळी दोरी, आणि पाहुणा आला की पहिल्याच तासात ती दाखवायची, हे बायकोने स्वतःकडे घेतलं. उशाशी तांब्या-भांडं. फ्रेमा तीनच्या तीन काढल्या. त्यांच्या जागी एक आरसा, बुटक्या माणसालाही दिसेल अशा उंचीवर.

पलंग लागल्यावर आम्ही दोघं पुन्हा एक रात्र तिथे झोपलो. यावेळी यादी दोनच ओळींची झाली. घड्याळ टिकटिकतं. उशाशेजारचं स्टूल हलतं. घड्याळ हॉलमध्ये गेलं, स्टुलाखाली पुठ्ठा घातला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अक्का दुसऱ्या डोळ्यासाठी आली. स्वारगेटला एसटीतून उतरवून घेऊन आलो. खोलीत गेली, पलंगावर बसली, उठली, पुन्हा बसली. काही बोलली नाही. रात्री मी दोनदा उठून हॉलमध्ये डोकावलो. चटई कोपऱ्यात गुंडाळलेलीच होती.

सकाळी बायकोने विचारलं, “वन्सं, झोप लागली का नीट?”

“छान लागली. काही कमी नाही तुमच्याकडे.”

अगदी मागचेच शब्द. मी दहा वाजेपर्यंत कळ काढली, मग कामाच्या मावशींना गाठलं.

मावशी म्हणाल्या, “मी आठला आले तेव्हा आजी झोपलेल्या होत्या. मग चहा घेताना बोलल्या. पलंग त्यांच्या घरच्यापेक्षा बरा आहे म्हणाल्या. आणि पंखा कटकट करतो म्हणाल्या.”

पंखा आम्ही दोघांनीही ऐकला नव्हता. आमच्या खोलीतलाही तसाच वाजतो, कानांना सवय झाली आहे. वायरमनला शनिवारी बोलावलं.