उरलेला मनोरा

वैशाखात आमची ही गेली. मन कशात रमेना, म्हणून भाद्रपदात जुन्या गोव्यास जाऊन आलो. मांडवीकाठची ती नगरी आधी आदिलशहाची. १५१० साली पोर्तुगीजांनी घेतली, पुढे राजधानी केली. रोगराईने ती ओस पडत गेली आणि १८४३ साली राजधानीचा मान पणजीस मिळाला. सेंट कॅथरीनच्या नावाचे ‘से कॅथेड्रल’ मात्र उभे आहे. त्याला दोन मनोरे होते. एक १७७६ साली कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्यात ‘सोन्याची’ म्हणतात ती मोठी घंटा आहे. मी कितीतरी वेळ वर पाहत उभा होतो.

वाशीस परतल्यावर धाकटीने भीत भीत विचारले, “बाबा, यंदा आकाशकंदील नाही ना लावायचा?”

“लावायचा,” मी म्हणालो, आणि सांगाडा काढायला माळ्यावर चढलो.