काळा ग्रॅनाइट

ओट्यासाठी दगड बघायला गेलो होतो. दुकानदाराने ओल्या फडक्याने लादी पुसली आणि म्हणाला, "साहेब, प्युअर ब्लॅक ग्रॅनाइट." हिला पसंत पडला. मी अडलो. ग्रॅनाइट काळा कसा असेल? त्यात पाचवा हिस्सा तरी गार हवी. म्हणून तो गुलाबी, राखी, फिकट. बाजारातला काळा बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे आपल्या बेसाल्टचे सख्खे भाऊ. शिलारस तोच. उघड्यावर येऊन लवकर थिजला तर बारीक कणांचा बेसाल्ट. भेगांत अडकला तर डोलेराइट. खोल पोटात सावकाश निवला तर ढोबळ स्फटिकांचा गॅब्रो. खडीसाखरेलाही वेळ द्यावाच लागतो.

बेसाल्ट म्हटलं की मला अजिंठा-वेरूळ नाही आठवत, आजीचा पाटा आठवतो.

"पाट्याला टाकीऽऽ" अशी आरोळी आली की आजी हातातलं टाकून दाराशी. टाकीवाली अंगणात फतकल मारून बसायची, पोर पाठीला बांधलेलं. छिन्नीच्या टोकाशी बारीक भुकटी उडायची, ती फुंकर मारून पुढे सरकायची.

"खोल घाल गं, मागच्या खेपेला दोन महिन्यांत गुळगुळीत झाला."

"दगूडच कच्चा हाय आज्जी. मांजऱ्या हाय." तिनं पांढऱ्या ठिपक्यांवर नख टेकवलं. "हितनं कपची उडती बघा."

मी त्या दगडात मांजर शोधत राहिलो. लाव्हातल्या वायूचे बुडबुडे फुटायचे राहिले, पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट भरलं, त्याचे ते ठिपके, हे कळायला कॉलेज उजाडलं. विहिरी खणणारेही अशा खडकाला मांजऱ्याच म्हणतात. पुस्तकवाल्यांनी त्याला बदामावरून नाव दिलं. माझं मत मांजराला.

टाकवल्यावर आजी मूठभर तांदूळ वाटून कोंबड्यांना टाकायची. तरी दुसऱ्या दिवशी लसणाच्या चटणीत कचकच यायचीच. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा आम्ही असा भाकरीबरोबर थोडा थोडा खाल्ला. कुणाचं पोट दुखल्याचं आठवत नाही.

तो पाटा आता गॅलरीत आहे, त्यावर तुळशीची कुंडी. ओट्यावर मिक्सर. दुकानदाराशी मी वाद घातला नाही. बिलावर 'ब्लॅक ग्रॅनाइट' असंच लिहिलंय, जीएसटीसकट.