धावड्याचा मिरचीचा मळा आणि न बोलणारा गडी

भोकरदन सोडून उत्तरेला निघालात, की काळे सपाट रान हळूहळू मागे पडते आणि समोर अजिंठ्याची डोंगररांग दिसू लागते. त्या डोंगराच्या अंगाने, बुलढाणा जिल्ह्याच्या शिवेजवळ, धावडा आहे. लेणी पाहायला जगभरचे लोक अजिंठ्याला येतात, इकडे फारसे कुणी वळत नाही. पण तुम्ही शेतकरी असाल तर उन्हाळ्याच्या अखेरीस या भागात एकदा जाऊन याच. बाकीची शिवारे नांगरून पावसाची वाट पाहत असतात, तेव्हा इथे विहिरीच्या आणि शेततळ्याच्या पाण्यावर, ठिबकाखाली मिरची हिरवीगार उभी असते. एप्रिल-मेमध्ये लावायची आणि पावसाळा लागला की तोडा सुरू करून पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात माल न्यायचा, असा इथला हिशेब.

मी कृषी विस्ताराच्या कामातला माणूस, त्यामुळे तिकडे माझे जाणे व्हायचे ते मिरचीवरच्या बोकड्या रोगापायी. आज मात्र तुम्हांला रोगाबद्दल सांगणार नाही. त्या वाटेवरच्या एका मळ्यात पाहिलेली आजोबा-नातवाची जोडी सांगायची आहे.

मळ्याच्या कडेला हिरव्या जाळीखाली रोपे तयार करायचे ट्रे रचलेले होते. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा रिकाम्या ट्रेच्या खणांवरून बोट फिरवीत बसला होता. आडवे सात, उभे चौदा, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी हाक मारली, त्याने मान वर केली नाही. आजोबा म्हणाले, "साहेब, तो हाकंला येत नाही. आपणच त्याच्यापाशी जाऊन बसावं लागतं."

आणि ते बसले. दुसरा ट्रे मांडीवर घेऊन त्यांनीही तसेच, त्याच चालीने बोट फिरवायला सुरुवात केली. बराच वेळ काही घडले नाही. मग मुलाची नजर त्यांच्या बोटावर आली. आजोबांनी चिमूटभर कोकोपीट एका खणात भरले आणि हात थांबवला. मुलाने पुढचा खण भरला. मग एक आजोबांचा, एक नातवाचा. मधे बोलणे एवढेच, "मी", "तू". अठ्ठ्याण्णव खण भरायला अर्धा तास लागला असेल. गड्याने ते काम पाच मिनिटांत उरकले असते. शेवटचा खण भरल्यावर मुलाने आजोबांचा हात धरून नव्या ट्रेवर नेऊन ठेवला. पूर्वी तो कुणाला अंगाला हात लावू देत नसे, असे त्याच्या आईने सांगितले.

अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. ती नजर देत नाहीत, हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाहीत, बोलायला उशीर लागतो किंवा ऐकलेलेच शब्द पुन्हा म्हणतात. एकच खेळ तासन्‌तास चालतो. आवाज, गर्दी, कपड्याचा स्पर्शसुद्धा काहींना सोसत नाही. सगळी एकसारखी नसतात; कुणी शाळेत हुशार निघते, कुणाला जन्मभर आधार लागतो. ही मेंदूच्या जडणघडणीतली जन्मजात गोष्ट आहे. आईचे लक्ष कमी पडले, लस टोचली, कुणाची नजर लागली, यांपैकी एकही कारण खरे नाही. ती मुळापासून घालवणारे औषधही नाही, तेव्हा तसे सांगून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आता तुम्हांला दूरची, पण शेतातलीच, हकीकत सांगतो. अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी 1943 साली अकरा मुलांचे वर्णन छापले आणि या अवस्थेची जगाला नीट ओळख झाली. त्यांतला पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातला डोनाल्ड ट्रिपलेट. 1942 साली, नऊ वर्षांचा होत असताना, आईवडिलांनी त्याला घरापासून दहा मैलांवर एका कुळवाडी जोडप्याच्या शेतावर ठेवले. डोनाल्डला मोजण्याचे वेड. 1945 साली कॅनर शेतावर गेले, तर काय पाहिले? मोजायची हौस आहे ना, मग विहीर खण आणि किती खोल गेली ते सांग, असे काम त्याला दिलेले. मक्याच्या ओळी तो सारख्या मोजत राही, तर नांगर हाती देऊन नांगरता नांगरता मोजायला लावलेले. कॅनरांसमोर त्याने सहा लांब तासे नांगरली आणि घोडा नीट वळवला. ते जोडपे प्रेमळ होते आणि शिस्तीचेही. डोनाल्ड पुढे कॉलेजात शिकला, बँकेत नोकरी केली, मोटार चालवायला शिकला, एकट्याने देशोदेशी हिंडला आणि 2023 साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. सगळे त्या शेतामुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण मुलाचे वेड मोडून काढण्याऐवजी त्या शेतकऱ्याने त्यालाच औत जुंपले, हे मला फार आवडले.

आपल्याकडे अशी कामे कमी का आहेत? कांदे आकाराने निवडणे, शेंगा फोडणे, गोवऱ्या ओळीने लावणे, कोंबड्यांना दाणे टाकणे. काम रोज त्याच वेळी असावे, शब्द थोडे, आणि त्याने उत्तर द्यावे म्हणून मधे थांबायची तयारी हवी. कंटाळला तर उठू द्या. मिरचीच्या बियाण्याला औषध लावलेले असते, ते मात्र त्याच्या हाती देऊ नका; त्या घरीसुद्धा बी टोकायचे काम सूनबाईच करीत होत्या. तिखटाचे हात डोळ्याला लागतात, म्हणून तोड्यालाही नको.

सगळ्यांत मोठी भीती पाण्याची. ही मुले न सांगता निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात. शेततळ्याचे प्लास्टिक इतके निसरडे असते, की पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. तळ्याला कुंपण, विहिरीला जाळी आणि आत दोर बांधून ठेवा. यासाठी अनुदानाची वाट पाहू नका.

शंका आली तर आधी कान तपासून घ्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा आरोग्य पथक येते, त्यांना न लपवता सांगा. पुढची तपासणी जिल्हा पातळीवर होते. 2016 च्या कायद्याने स्वमग्नता दिव्यांगत्वात धरली आहे, प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावर निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा काढता येतो. छत्रपती संभाजीनगरात अंबिका टाकळकर यांची 'आरंभ' ही संस्था अशाच मुलांसाठी काम करते. त्या स्वतः अशा मुलाच्या आई आहेत.

आणि पिंपळगावच्या मिरची बाजाराला अशा मुलाला न्यायचेच असेल, तर गाड्यांची गर्दी आणि हॉर्न सुरू होण्यापूर्वी, ओटे रिकामे असताना न्या. निघण्याआधी कुठे जायचे आणि परत कधी यायचे ते त्याला सांगा, तो ऐकतो आहे असे दिसले नाही तरी.