किंग्ज सर्कलची रात्र

दिवसा माटुंग्याच्या माहेश्वरी उद्यानाभोवती वाहनांचे कडे तुटत नाही. म्हणून इथल्या चौकाची डागडुजी रात्रीच. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची ही रुंद आखणी केली. आजची वर्दळ तिच्याच माथी आहे.

काँक्रीट कोणासाठी थांबत नाही. मिक्सर आला की तो वेळेत रिकामा व्हावा लागतो, आणि दिवसाच्या कोंडीत ते कठीण. शिवाय रात्रीच्या गारव्यात पृष्ठभाग भराभर वाळून तडकत नाही. काही तासांत सांधे कापले जातात, मग ओली गोणपाटे अंथरतात.

व्यापाऱ्याची नजर मात्र उंचीवर. गांधी मार्केटचा भाग सखल. रस्ता चार बोटे वर आला, तर पावसाचे पाणी कोणाच्या उंबऱ्यात शिरेल? ढाळ गटाराकडे आहे का, हे काँक्रीट पडण्यापूर्वीच विचारावे. माल भिजल्यावर विचारून काय उपयोग!

आणि पहाट. चातुर्मासप्रवेशापूर्वी विहार करणाऱ्या साध्वीजींची अनवाणी पावले याच खडीवरून पडतात. बॅरिकेडलगत हातभर वाट झाडून ठेवावी, अशी विनंती श्रावकांनी मुकादमाला अवश्य करावी. जाताना मजुरांसाठी पाण्याचा माठही न्यावा.