राघूची चोच

सोलापुरातल्या आमच्या चाळीत कडक भाकरीचे हक्काचे गिऱ्हाईक दोन होते, आजोबा आणि राघू. आजोबा ती आमटीत कुस्करून खायचे. राघू कोरडीच घ्यायचा. एका पायात तुकडा धरायचा, मान तिरकी करायची आणि कडेकडेनं कुरतडत बसायचं. निम्मी भाकरी खाली चुरा होऊन पडे. "पोटात कमी, पेपरावर जास्त," आजी म्हणायची. पोपट पिंजऱ्यात असण्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटत नसे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होऊन गेला होता, पण तो आमच्या चाळीचा जिना चढला नव्हता.

राघूची चोच कधी कापावी लागली, असं मला आठवत नाही. त्यासाठी कुणी काही मुद्दाम करत होतं असंही नाही. हुरड्याच्या दिवसांत गावाकडून आलेली दाणे झाडलेली कणसं त्याच्याकडे जायची, रब्बीत करडईची बोंडं, एरवी कडुलिंबाची एखादी काडी. हिरवी मिरची तर तो चवीनं खायचा. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. लहानपणी मला तो मोठा शूर वाटायचा. पिंजऱ्यात वर चढतानाही आधी चोच गजाला लावायची आणि मग पाय उचलायचे. २०२२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लव्हबर्ड चढताना कोणत्या अवयवाचा किती जोर लागतो ते मोजलं, तेव्हा चोचीचा जोर पायांच्या तोडीचा भरला. पोपटाला चढायला तीन पाय असतात, असं म्हटलं तरी चालेल.

शेजारच्या पोपटाची गोष्ट वेगळी. त्या घरी मूलबाळ नव्हतं, सगळी माया त्या पक्ष्यावर. दुधात भिजवलेली चपाती, शिरा, सोललेलं डाळिंब, मऊ केळं. फोडायला, सोलायला, कुरतडायला काही नाही. त्याची वरची चोच वाढत वाढत कोयत्यासारखी गळ्याकडे वळली. एके दिवशी त्या घरातल्या मामांनी त्याला पंचात गुंडाळलं आणि अडकित्त्यानं चोचीचं टोक उडवलं. रक्त थांबेना. हळद दाबली, चुना लावला. पोपट जगला, पण पुढे कितीतरी दिवस त्यानं टणक असं काही तोंडात धरलं नाही. मामांना वाटलं होतं, चोच म्हणजे नखच. तेही सगळं खोटं नव्हतं. चोचीचं वरचं आवरण नखासारखंच केराटिनचं असतं आणि तसंच आयुष्यभर वाढत राहतं. पण आत हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत, आणि टोकाशी तर मज्जातंतूंची दाटी आहे. दाणा पक्का की पोचट, हे पोपट त्या टोकानंच चाचपतो.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या कडेला चिठ्ठी काढणारा पोपट घेऊन ज्योतिषी बसलेला असायचा. लोक चिठ्ठीकडे बघत, मी चोचीकडे. पापुद्रे सुटलेली, लांबलेली, एका बाजूला कललेली. दिवसभर कागद ओढायचे आणि डाळीचे चार दाणे गिळायचे, एवढंच त्या चोचीला काम. दुसऱ्याचं भविष्य सांगणाऱ्या त्या पक्ष्याचा वर्तमान कुणी वाचत नव्हतं.

राघूनंतर आमच्या घरात पोपट आला नाही. २००६ मध्ये साहित्य संमेलन सोलापुरात भरलं, अध्यक्ष आमच्याच गावचे मारुती चितमपल्ली. आयुष्य जंगलात काढलेला माणूस आपल्या गावच्या मांडवात अध्यक्ष म्हणून बसलेला पाहून गावातल्या पुष्कळांना पक्ष्यांचं वेड लागलं. मलाही. दुर्बीण घेतली आणि ज्वारीच्या दिवसांत मंगळवेढ्याकडे जाऊ लागलो. तिथं कणसावर उलटा लटकलेला पोपट बघत बसायचो. शेतकरी गोफण फिरवतो, त्यात त्याची काही चूक नाही. मालदांडीचं भरलं कणीस पोपट खातो कमी आणि नासतो जास्त. आजीचं वाक्य तिथंही लागू. पण शेतातल्या त्या थव्यात वाढलेल्या चोचीचा पोपट मला एकही दिसला नाही. ढोलीचं तोंड कोरायचं, साल सोलायची, आठोळी फोडायची, दिवसभर हेच. आणि झोपण्याआधी खालची चोच वरच्या चोचीवर घासायची. पाळलेला पोपटही संध्याकाळी असा कुर्र कुर्र आवाज करतो. बरेच जण तो आजार समजतात. तो आजार नाही, पक्षी निवांत आहे आणि आपली चोच घासतो आहे.

पुढे मुलीनं बजरीगर आणले. आपल्याकडे सगळे त्यांना लव्हबर्डच म्हणतात. त्यातल्या एकाच्या चोचीच्या बुडाशी पांढरट खपली धरली, बारीक भोकं दिसू लागली. विकणारा म्हणाला, कॅल्शियम कमी पडलंय, खडू ठेवा. पशुवैद्यानं भिंगातून बघितलं आणि ते माइट निघाले, चोचीच्या आवरणात बिळं करणारे किडे. औषधानं खपली गेली. एका स्नेह्यांच्या कॉकाटीलची चोच मात्र कितीही घासली तरी महिन्याभरात पुन्हा वाढायची. वाटीत कायम सूर्यफुलाच्या बिया. रक्त तपासलं तर यकृत चरबीनं भरलेलं. यकृत बिघडलं की चोच वेडीवाकडी आणि भराभर वाढते, तिच्यावर काळे डाग येतात. म्हणजे दुखणं पोटात आणि आपण कानस घेऊन तोंडाशी.

तेव्हापासून कुणी विचारलं तर मी वाटी आणि पिंजरा दोन्ही बघतो. तेलबिया चिमूटभरच; करडईसुद्धा, आपल्या रानची असली तरी. रोज गाजर, लाल भोपळा, पालक, शेवग्याचा पाला, कारण अ जीवनसत्त्व कमी पडलं की चोचीचे पापुद्रे सुटतात. बसायला गुळगुळीत दांडीऐवजी बाभळीची किंवा पेरूची सालीसकट फांदी, औषध न फवारलेली. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो तारेला अडकवायचा. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी नको. पोपट ती चावतो आणि ते जस्त पोटात जाऊन विष होतं. पण सगळ्यात मोठं औषध म्हणजे काम. दाणे सोलून देऊ नका. कागदात गुंडाळून द्या, कणसासकट द्या, अख्खी शेंग द्या.

हे सगळं बजरीगर, कॉकाटील अशा परदेशी पक्ष्यांपुरतं. आपला हिरवा राघू २०२२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, आणि तो असावा असंच मला वाटतं, आमच्या राघूवर कितीही जीव असला तरी. कुणाच्या घरी असा राघू असेल तर वनखात्याला कळवा. पंख छाटलेला पक्षी परस्पर गच्चीवरून उडवू नका, तो मांजराच्या तोंडी जातो.

आणि घरातल्या बजरीगरची किंवा कॉकाटीलची चोच वाढलेली दिसली, तर नेलकटर हातात घेऊ नका. पक्षी पशुवैद्याकडे न्या, आणि चोच दाखवायच्या आधी तो रोज काय खातो ते सांगा.