पिशवी काढल्यानंतर

आपांची पिशवी काढली तेव्हा आम्हा बहिणींना वाटलं, चला, पाळीचा त्रास कायमचा संपला. अठराव्या दिवशी त्यांना पुन्हा डाग दिसला. आपांनी जायनमाज गुंडाळून ठेवली आणि पाच दिवस कुणालाच काही सांगितलं नाही.

धाकटीच्या लक्षात आलं, तेव्हा आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, "आतले टाके विरघळताना थोडं रक्त जातं. सहा आठवड्यांपर्यंत डाग दिसू शकतो. पण तासाभरात पॅड भिजलं, ताप आला किंवा घाण वास आला, तर लगेच या. वजन उचलू नका."

मग आलिमाबाजींना विचारलं. त्यांनी सांगितलं, "गर्भाशयच नाही, तर हा हैज नव्हे, इस्तिहाजा आहे. प्रत्येक नमाजच्या वेळी वुजू करा आणि नमाज अदा करा." सुटलेल्या नमाजा आपांनी खुर्चीवर बसून कजा केल्या.

आम्ही शिकल्यासवरलेल्या, रोज त्यांना सूप नेऊन देत होतो. पण रक्त जातंय का, हे एकीनंही विचारलं नव्हतं. आता ओळखीत कुणाचं ऑपरेशन झालं की आम्ही ते आधी विचारतो.