नावामागचा क्रमांक

आम्ही मराठीचे अध्यापक. संगणकाशी आमचे नाते हौसेचे. विभागातील विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी व्हिज्युअल बेसिकमध्ये एक लहानसा प्रोग्रॅम आम्हीच लिहिला होता. नावाच्या बटणावर टिचकी मारली की गुण दिसत. नाव हीच खूण. एका वर्षी तेरची एक आणि तुळजापूरची एक, अशा तंतोतंत एकाच नावाच्या दोन मुली वर्गात आल्या आणि एकीचे गुण दुसरीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर गेले. चूक सर्वस्वी आमची. ध्यानात आली तोवर मुदत टळली होती.

पुढे ‘टॅग’ हा गुणधर्म सापडला. तो प्रत्येक बटणाला असतो, पडद्यावर दिसत नाही आणि व्हिज्युअल बेसिक स्वतः त्याचा काहीच उपयोग करत नाही. लिहिणाऱ्यासाठी सोडलेली ती कोरी जागा. आम्ही तीत प्रवेशक्रमांक घातले, जिल्ह्यांच्या बटणांना संकेतांक दिले. (डॉटनेटमध्ये तिथे अख्खी नोंदच ठेवता येते, वेबपानांत हेच काम ‘डेटा-’ने सुरू होणारी अ‍ॅट्रिब्यूट्स करतात. आमच्या व्याकरणी मनाला ती विशेषणेच वाटतात.)

२०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. बटणावरचे नाव आम्ही बदलले. टॅगमधला संकेतांक तोच राहिला, एकही नोंद हलली नाही.

अर्ज फेटाळला गेला ती तेरची. तिचा प्रवेशक्रमांक आम्हांला अजून पाठ आहे.